गणित आणि जीवशास्त्र, दोन्ही घ्यायचं का? भोर-वेल्ह्यातल्या विद्यार्थ्यांसाठी अकरावी-बारावी विज्ञानाचा हिशोब

दहावीचा निकाल लागला की भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या अनेक घरांत एकच प्रश्न सुरू होतो. मुलाने किंवा मुलीने सायन्स घ्यायचं ठरलं आहे, पण विषय कोणते घ्यायचे? मग कोणीतरी सांगतं, 'पीसीएमबी घेऊन टाका, दोन्ही दारं उघडी राहतात.' म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी, चारही विषय. इंजिनिअरिंगही करता येईल आणि मेडिकलही.

सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण उघडं दार आणि त्यातून आत जाता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज एसटीने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा फरक फार मोठा ठरतो.

पीसीएमबी म्हणजे नेमका किती भार?

राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत मुख्य सहा विषय असतात. इंग्रजी अनिवार्य. दुसरा विषय म्हणजे मराठी, हिंदीसारखी एखादी भाषा किंवा तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञान. उरलेल्या चार जागांवर पीसीएमबी घेणाऱ्याचे चारही विज्ञान-गणिताचे विषय बसतात. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी यांना ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, गणिताला ८० आणि २० अशी विभागणी. याशिवाय पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे दोन विषय सर्वांनाच असतात. त्यांचे प्रकल्प आणि वह्या वेळ खातातच.

ज्यांना गणित किंवा जीवशास्त्र यापैकी एकच हवं असतं, त्यांच्यापुढे दोन पर्याय असतात. एक म्हणजे, सोडलेल्या विषयाच्या जागी दुसरा हलका विषय घेणं. दुसरा म्हणजे बायफोकल, म्हणजे द्विलक्षी विषय. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स असे हे विषय २०० गुणांचे असतात आणि ते दुसरी भाषा व एक ऐच्छिक विषय अशा दोन जागा घेतात. कॉम्प्युटर सायन्सचंच पाहा. दोन पेपर, प्रत्येकी ५० गुण लेखी आणि ५० गुण प्रात्यक्षिक. म्हणजे २०० पैकी १०० गुण प्रात्यक्षिकाचे. बोर्डाची टक्केवारी सावरायला या विषयांची मदत होते. मात्र बायफोकलच्या जागा मर्यादित असतात आणि प्रत्येक कॉलेजात हे विषय नसतात. म्हणून विषय ठरवल्याशिवाय कॉलेज ठरवणं म्हणजे बैलाआधी गाडी जुंपणं.

निम्मे गुण एका विषयाचे

आता प्रवेश परीक्षांकडे. राज्यातल्या इंजिनिअरिंग, फार्मसी आणि कृषी पदवीच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी असते. तिचे दोन गट आहेत, पीसीएम आणि पीसीबी. दोन्ही परीक्षा २०० गुणांच्या. पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न, एकेका गुणाचे. गणिताचेही ५० प्रश्न, पण प्रत्येकी दोन गुणांचे. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. पीसीबी गटात बायोलॉजीचे १०० प्रश्न, १०० गुण. तिथेही निम्मे.

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस अशा अभ्यासक्रमांसाठी असलेली नीट ७२० गुणांची आहे. तिच्यात १८० प्रश्न आणि त्यातले ९० बायोलॉजीचे, म्हणजे ३६० गुण. पुन्हा निम्मेच.

फिजिक्स-केमिस्ट्री दोन्हीकडे समान आहेत हे खरं. पण निकाल फिरवणारा विषय दोन्हीकडे वेगळा आहे. पीसीएमबी घेणारा विद्यार्थी एक जादा विषय घेत नाही, तो दोन निर्णायक विषय घेतो. ज्या स्पर्धकाने फक्त जीवशास्त्र घेतलं आहे, तो गणिताचे सगळे तास जीवशास्त्राला देत असतो. इंजिनिअरिंगच्या बाजूला असलेला स्पर्धक नेमकं उलट करतो.

आणखी एक धोका सहसा बोलला जात नाही. बारावी उत्तीर्ण व्हायला सगळ्या विषयांत पास व्हावं लागतं. पीसीएमबी घेतलेल्या, पण मनाने इंजिनिअरिंगकडे गेलेल्या मुलाने जीवशास्त्राकडे दुर्लक्ष केलं आणि त्यात तो नापास झाला, तर सीईटीत पर्सेंटाइल कितीही चांगलं असलं तरी बारावी अडते आणि पुरवणी परीक्षेची वाट पाहावी लागते. 'असू दे' म्हणून घेतलेला विषय असा अंगावर येतो.

अकरावीला किती किंमत आहे, हे परीक्षेवर ठरतं

अकरावी म्हणजे 'रेस्ट इयर' हा समज गावात आणि शहरात सारखाच पसरलेला आहे. तो किती महाग पडेल, हे पुढे कोणती परीक्षा द्यायची आहे यावर अवलंबून आहे.

सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे अकरावीत गाडी रुळावर यायला वेळ लागलेला विद्यार्थीही बारावीत नीट अभ्यास करून सीईटीत सावरू शकतो. नीट आणि जेईईत तसं नाही. तिथे दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण असतो आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. जेईई मेन ३०० गुणांची आहे, तिच्यात तिन्ही विषयांचे प्रत्येकी २५ प्रश्न असतात. ज्याने अकरावीचं मेकॅनिक्स किंवा ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पाया सोडला, त्याला बारावीत दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात करावा लागतो.

भोर-वेल्ह्यात अकरावीची सुरुवातच अडखळत होते. २०२५ मध्ये अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात लागू झाली. त्याआधी ती पुणे, मुंबईसारख्या ठरावीक शहरी भागांपुरती होती, ग्रामीण कॉलेजांत थेट जाऊन प्रवेश मिळायचा. पोर्टल, फेऱ्या, पसंतीक्रम यांत ऑगस्ट उजाडला. जून-जुलै हे तसेही या भागात भातलावणीचे महिने. घरात माणसं कमी पडतात आणि दहावी झालेली पोरं खाचरात उतरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी येते, तेव्हा पहिल्या सत्राची परीक्षा असते. ज्या घरी शेती आहे त्या घरच्या वेळापत्रकात हे आठवडे आधीच वजा करून ठेवावेत. कागदावर दिसणारं दहा महिन्यांचं वर्ष प्रत्यक्षात सात-साडेसात महिन्यांचं असतं.

रस्त्यात किती तास जातात?

भोर गावात राहणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. पण वेल्हे तालुक्यात (२०२५ मध्ये या तालुक्याचं नाव अधिकृतपणे राजगड झालं) तोरण्याच्या किंवा राजगडाच्या पायथ्याच्या गावांतून, पानशेत-वरसगावच्या पाणलोटातल्या वाड्यांतून, किंवा भोरच्या पश्चिमेला भाटघर आणि नीरा देवघर धरणांच्या मागच्या बाजूने येणाऱ्यांना आधी फाट्यापर्यंत चालत यावं लागतं आणि मग एसटी. काही जण चेलाडी फाट्यावर किंवा कापूरहोळला उतरून पुढे पुण्याच्या दिशेने जातात. पावसाळ्यात घाटमाथ्याकडच्या भागात गाडी वेळेवर येईलच असं नाही.

एक साधा हिशोब मांडून पाहू. मुलगी सकाळी सातला घराबाहेर पडते आणि संध्याकाळी पाचला परत येते. सात तास झोप, जेवण-आंघोळ आणि घरातली कामं वजा केली, तर कॉलेजच्या दिवशी साडेतीन तास उरतात. सहा दिवसांचे २१ तास. रविवारी सात तास धरले तर आठवड्याला २८. इंग्रजी आणि दुसऱ्या भाषेला मिळून तीन-चार तास दिले, तर विज्ञान-गणितासाठी राहतात साधारण २४. चार विषय असतील तर प्रत्येकी सहा तास. तीन असतील तर आठ.

यात क्लास धरलेला नाही. संध्याकाळी भोरमध्ये किंवा नसरापूरला क्लास लावला, तर तो याच २४ तासांतून जाईल, आणि शेवटची गाडी चुकायला नको म्हणून त्यातूनही लवकर उठावं लागेल.

दुसरीकडे, कॉलेजच्या जवळ वसतिगृहात राहणाऱ्याचे रोजचे दोन-अडीच तास वाचतात. आठवड्याचे १२ ते १५ तास. वरच्या हिशोबात हे दोन विषयांच्या अभ्यासाइतके होतात. म्हणजे ये-जा करत पीसीएमबी करणं आणि कॉलेजजवळ राहून पीसीएमबी करणं, हे कागदावर सारखं दिसलं तरी एकच काम नाही. त्यामुळे विषयांचा निर्णय राहण्याच्या निर्णयापासून तोडून घेता येत नाही.

एसटीच्या खर्चाचा प्रश्न तुलनेने सुटलेला आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाच्या योजनेत मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. मुलांना भाड्याच्या एक तृतीयांश रक्कम भरून पास मिळतो. पैसे वाचतात, तास वाचत नाहीत. बसमध्ये बसायला जागा मिळाली तर बायोलॉजीचं वाचन किंवा केमिस्ट्रीच्या अभिक्रियांची उजळणी जमते. गणित मात्र तिथे होत नाही, त्याला टेबल आणि कोरी पानं लागतात. घरचे तास गणित-फिजिक्सला आणि रस्त्यातले तास वाचनाच्या विषयांना, एवढी वाटणी केली तरी पुष्कळ फरक पडतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांचं काय?

या दोन तालुक्यांत दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून शिकलेली मुलं मोठ्या संख्येने आहेत. अकरावी विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत असतात. 'वेग' आणि 'त्वरण' माहीत असलेल्या मुलासमोर पहिल्याच आठवड्यात 'व्हेलॉसिटी' आणि 'अ‍ॅक्सिलरेशन' येतात. कल्पना तीच, पण वाक्य वाचायलाच दुप्पट वेळ लागतो. पहिले दोन-तीन महिने हा वेळ सगळ्या विषयांत जातो, आणि बायोलॉजीत सर्वांत जास्त, कारण तिथे नवे शब्दच सर्वाधिक आहेत. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने चार विषय घेताना हे लक्षात ठेवायलाच हवं.

प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते का? येते. नीट आणि जेईई मेन दोन्ही १३ भाषांत होतात आणि त्यांत मराठी आहे. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रश्न मराठीत मिळतात, गणिताचे मात्र इंग्रजीतच. तरीही दोन वर्षं इंग्रजी पुस्तकांतून शिकून परीक्षेच्या दिवशी 'प्रवर्तन' म्हणजे 'इंडक्शन' हे आठवत बसावं लागणं सोयीचं नाही. भाषा अर्ज भरताना निवडावी लागते, म्हणून त्याआधी दोन-तीन सराव प्रश्नपत्रिका दोन्ही भाषांत सोडवून पाहणं चांगलं.

दोन्ही विषय खरोखर कोणाला लागतात?

यादी अपेक्षेपेक्षा लहान आहे. इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरला गणित लागतं, जीवशास्त्र नाही. खडकवासल्याच्या एनडीएत हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित. २०२१ पासून मुलीही ही परीक्षा देतात. एमबीबीएसपासून फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय आणि बीएस्सी नर्सिंगपर्यंत जीवशास्त्र लागतं, गणित नाही. बी. फार्मसी आणि बीएस्सी कृषी तर पीसीएम किंवा पीसीबी, कोणत्याही एका गटावर मिळू शकतात. शेतीची पदवी घ्यायची म्हणून दोन्ही विषय घेणारे अनेक जण असतात, त्यांना त्याची गरज नसते.

दोन्ही विषयांचा उघड फायदा होतो तो आयसरसारख्या ठिकाणी. पुण्यात पाषाणला असलेल्या या संस्थेच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. मूलभूत विज्ञानात, संशोधनात जायची ओढ असलेल्या विद्यार्थ्यासाठी पीसीएमबी हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. दहावीत दोन्ही विषय मनापासून आवडलेले, कॉलेजजवळ राहण्याची सोय असलेले आणि अजून खरोखर न ठरलेले विद्यार्थीही तो घेऊ शकतात. 'लोक म्हणतात म्हणून' घेणाऱ्यांसाठी तो नाही.

इतर देशांत ही गुंतागुंत वेगळ्या पद्धतीने हाताळतात. ब्रिटनमधले विद्यार्थी ए-लेव्हलला बहुधा तीनच विषय घेतात. अमेरिकेत शाळा देत असलेल्या प्रगत वर्गांतून विद्यार्थी आपापल्या झेपेप्रमाणे दोन, चार किंवा अधिक विषय निवडतो आणि पुढच्या वर्षी ती संख्या बदलू शकतो. आपल्याकडे एका अर्जात दोन वर्षांचा साचा ठरतो. म्हणून प्रवेश घेतानाच कॉलेजच्या कार्यालयात विषय बदलण्याची मुदत विचारून घ्यावी. पहिल्या घटक चाचणीनंतर चित्र बरंच स्पष्ट होतं, पण तोवर मुदत संपलेली असेल तर उपयोग नाही.

पोर्टलवर पसंतीक्रम भरतानाही घाई नको. २०२५ च्या प्रक्रियेत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळाल्यावर तिथे प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर जात होता. पुण्यातलं नावाजलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकायचं, तर तिथे राहायचं कुठे याचं उत्तर अर्ज भरण्याआधी हवं.

बारावीचे शेवटचे पाच महिने

सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. २०२५ चंच वेळापत्रक पाहा. जेईई मेनचं पहिलं सत्र २२ जानेवारीपासून. बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षा २४ जानेवारीपासून. लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जेईईचं दुसरं सत्र. ९ एप्रिलपासून सीईटीचा पीसीबी गट, १९ एप्रिलपासून पीसीएम गट. ४ मे रोजी नीट. पीसीएमबी घेऊन सगळ्याच परीक्षांचे अर्ज भरणाऱ्याला साडेतीन महिन्यांत बोर्ड धरून सहा परीक्षा. २०२६ पासून सीईटीच्या दोन संधी मिळू लागल्या. त्याने दडपण कमी होतं, पण दिनदर्शिका आणखी भरते.

इथे बोर्डाची जागा नीट समजून घ्यायला हवी. सीईटीवरून इंजिनिअरिंगला जाताना बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटांना ४०. एनआयटीसारख्या संस्थांत मात्र खुल्या गटाला बारावीत ७५ टक्के हवेत किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. म्हणजे जेईईचा विद्यार्थी बोर्ड सोडू शकत नाही. ज्याची नजर सीईटीवर आहे, त्याने बोर्डाच्या सुंदर वह्यांवर रात्री घालवण्यापेक्षा गणिताचे जास्त प्रश्न सोडवलेले बरे.

कागदपत्रंही याच वर्षात येतात. राखीव गटातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा, तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज कॉलेजमार्फत बारावीच्या सुरुवातीलाच करावा. निकालानंतर धावपळ करणाऱ्यांच्या जागा दरवर्षी अडकतात.

क्लासविना जमतं का?

काही प्रमाणात जमतं. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था इतर मागासवर्गीय, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, सोबत टॅब आणि इंटरनेट डेटा. त्यासाठी दहावीनंतर लगेच अर्ज करावा लागतो. केंद्र सरकार आणि आयआयटी कानपूर यांचं 'साथी' हे पोर्टल सर्वांसाठी मोफत आहे. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन उतरवून घेता येतात. जिथे रेंज धड मिळत नाही अशा गावात राहणाऱ्याने कॉलेजच्या ठिकाणीच व्हिडिओ उतरवून घ्यावेत.

दुसऱ्या बाजूला 'इंटिग्रेटेड'चा मोह असतो. नाव गावाकडच्या कॉलेजात, अभ्यास शहरातल्या क्लासमध्ये. हजेरीचा प्रश्न येतो म्हणून राज्य सरकारने २०१८ मध्ये पुण्यासह अनेक विभागांतल्या विज्ञान कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरी बंधनकारक केली होती. नियमाची गोष्ट बाजूला ठेवली तरी प्रयोगशाळेचे ३० गुण आणि शिक्षकाला थेट शंका विचारण्याची सोय अशा व्यवस्थेत जाते. घरात क्लासची फी भरण्याची ऐपत असेल, तर त्याच पैशांत कॉलेजजवळच्या खोलीचं भाडं बसतं का, हे आधी पाहावं. अनेकदा त्याचा उपयोग जास्त होतो.

आणि नंतर मन बदललं तर?

एकच विषय घेतला तर दुसरी वाट कायमची बंद होते, ही भीती पीसीएमबीच्या मागची खरी प्रेरणा आहे. ती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, की फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित घेऊन बारावी झालेल्या विद्यार्थ्याने नंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण केलं, तर त्याला नीट देता येईल. राज्य मंडळाच्या परीक्षेलाही बारावी उत्तीर्ण विद्यार्थी एखाद्या सुट्या विषयासाठी बसू शकतात. यात एक वर्ष जास्त जातं. पण दोन वर्षं चार विषय ओढून दोन्हीकडे अर्धवट राहिलेला विद्यार्थीही बहुतेक वेळा 'रिपीट' म्हणून ते एक वर्ष घालवतोच.